काइट दोन सिझनांत ढिला पडतोय? आधी या चुका टाळा

काइटसर्फिंगचा, म्हणजे फळीवर उभ्या माणसाला पाण्यावरून ओढणारा, नवा काइट दोन वर्षांत ढिला पडला की कंपनीच्या नावानं खडे फोडायचे, ही आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या पोरांची जुनी खोड. चोर्ला घाट उतरून गोव्यात मोरजी-अश्वेला जायचं, वारा पडेपर्यंत उडवायचं आणि रात्रीच्या जेवणाला घर गाठायचं. सगळी नासाडी त्या घाईत होते. हवेत काइटचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते वाळूवर, डिकीत आणि माळ्यावर.

सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे टेलरकडची शिलाई. शहापूर-वडगावात घरोघरी माग चालले, त्यामुळे कापडातलं आपल्याला कळतं अशी प्रत्येकाची समजूत. वडगावच्या एका पोराच्या काइटची लीडिंग एज, म्हणजे पुढची हवा भरायची नळी, किनाऱ्यावरच्या होडीच्या खिळ्याला लागून चार बोटं फाटली. पठ्ठ्यानं ती बाजारातल्या टेलरकडून शिवून घेतली आणि माझ्याकडे आला, "काका, शिवून आणलंय की, तरी हवा ऱ्हाईना." ब्लॅडर (नळीतली हवेची पिशवी) बाहेर ओढला तर त्यावर सुईच्या भोकांच्या दोन सरळ रांगा! आतली पिशवी न काढताच वरून मशीन मारली होती. कॅनोपीवरची, म्हणजे काइटच्या मुख्य कापडावरची, एक चीरही त्याच सपाट्यात सुती दोऱ्यानं दाट शिवलेली. पुढच्याच झटक्याला कापड त्या टाक्यांवरूनच उसवत गेलं. दाट टाके म्हणजे फाडायला आखून दिलेली रेघ.

माझी रीत अशी : कॅनोपीची लहान चीर शिवणीपासून लांब असेल तर गोड्या पाण्यानं धुवायची, पूर्ण वाळवायची, स्पिरिटनं पुसायची आणि दोन्ही बाजूंनी रिपस्टॉप टेप (चीर पसरू न देणाऱ्या कापडाची चिकटपट्टी) लावायची. टेपचे कोपरे गोल कापायचे, टोकदार कोपरा आधी सुटतो. लीडिंग एज शिवायची तर ब्लॅडर बाहेर काढून, पॉलिएस्टर दोऱ्यानंच. ब्लॅडर परत घालताना टाल्कम पावडर लावा, म्हणजे आत पीळ पडत नाही.

दुसरी चूक लाइन्सची, म्हणजे हातातल्या दांड्यापासून (बारपासून) काइटपर्यंतच्या चार दोऱ्यांची, आणि हिच्यापायी चांगले काइट कवडीमोलानं विकले जातात. ओढीचा मुख्य भार पुढच्या लाइन्सवर येतो, म्हणून त्या हळूहळू ताणून लांब होतात. मागच्या त्या मानानं आखूड पडतात, काइट मागे ढासळायला लागतो आणि मालक म्हणतो, "म्हातारा झाला." अरे, आधी मोजून तर बघ! मी वॅक्सिन डेपोच्या मैदानात झाडाच्या बुंध्याला चारही टोकं एकत्र बांधतो, ट्रिम (पुढच्या लाइन्स आखूड करायचा पट्टा) पूर्ण सोडतो, बार सरळ धरून ओढतो. बोटभर फरकही लगेच दिसतो. तो टोकाच्या गाठी बदलून काढायचा. दहा मिनिटांचं काम, पण तेवढा धीर कुणाला?

फुगवलेला काइट किनाऱ्यावर फडफडत ठेवून चहाला जाऊ नका. ऊन पॉलिएस्टरला खातं, फडफड त्यावरचा लेप उडवते आणि कडक कापड जुन्या धोतरासारखं मऊ पडतं. उडवायचा नसेल तर हवा सोडून गुंडाळा.

हवा कमी भरणं हे जास्त भरण्याइतकंच वाईट. व्हॉल्व्हजवळ छापलेला आकडा पाळा, बोटानं दाबून अंदाज नको.

एप्रिलच्या उन्हात बंद गाडीच्या डिकीत काइट ठेवला तर व्हॉल्व्हचा गोंद सुटतो. "व्हॉल्व्ह गळतोय" या निम्म्या तक्रारी इथल्याच.

ब्रायडलच्या (काइटला लाइन्स जोडणाऱ्या आखूड दोऱ्यांच्या) पुलीत वाळू अडकली की ती दोरी कापते. प्रत्येक वेळी बोटानं फिरवून बघा.

आणि पावसाळा. जूनमध्ये बेळगावात काही वाळत नाही, त्यामुळे शेवटची धुलाई मे महिन्यातच उरका. साबण नको, नुसतं गोडं पाणी. सावलीत वाळवून सैल गुंडाळा आणि कपाटात ठेवा. माळ्यावर उंदीर आहेत, आणि त्यांना ब्लॅडर फार आवडतो.