कटला वर, रोहू मध्ये, मृगळ तळाशी: शेततळ्यात माशांचं प्रमाण कसं ठरवावं

कटला, रोहू आणि मृगळ हे तिन्ही मुळात गंगेच्या खोऱ्यातले. एकाच नदीत राहूनही ते एकमेकांच्या घासावर फारसे येत नाहीत, कारण प्रत्येकाचं तोंड वेगळ्या कामाचं आहे. कटल्याचं तोंड मोठं आणि वर वळलेलं, पृष्ठभागाजवळचे प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) गाळून खाणारं. रोहूच्या ओठाला बारीक झालर असते. मधल्या थरातलं वनस्पतिजन्य अन्न तो खातो, दगड-लाकडावरचं शेवाळही खरवडतो. मृगळाचं तोंड खाली झुकलेलं, तळाच्या कुजक्या गाळावर चालणारं. नदीतून बीज, म्हणजे माशांची पिल्लं, गोळा करण्याच्या काळात ते सरमिसळ येई. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांना संप्रेरक टोचून या माशांचं प्रजनन करण्यात यश आलं. तिथून पुढे जातवार बीज मिळू लागलं आणि कोणता मासा किती सोडायचा हे ठरवणं आपल्या हातात आलं.

हिशेब ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्याचा करू, म्हणजे साधारण ९ गुंठे. हेक्टरी ५,००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) या मापाने गुंठ्याला ५०, एकूण ४५०. मातीच्या तळ्यात तीनच जाती असतील तर कटला-रोहू-मृगळ ४:३:३ हे नेहमीचं प्रमाण चालतं. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात मात्र ते डोळे झाकून लावू नका. तिथे तळाला गाळच नसतो, मृगळ उपाशी राहतो. आमच्या मते तिथे कटला १८०, रोहू १३५, मृगळ ९० आणि गवत्या (गवत खाणारा ग्रास कार्प) ४५ ठेवावेत. शक्य असेल तर पाणी भरण्याआधी तळात वीतभर माती पसरा. तिच्यात खडे-काचा नकोत, प्लास्टिकचा कागद फाटतो.

चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) ही जोडी स्वस्त आणि झपाट्याने वाढणारी, म्हणून मोह होतो. चंदेऱ्याची कल्ल्यातली गाळणी कटल्यापेक्षा बारीक असते. तो मुख्यतः वनस्पतीप्लवंग खात असला तरी कटल्याच्याच थरात चरतो. त्यामुळे दोन्ही भरपूर सोडले की कटला खुरटतो. सायप्रिनस मृगळाच्या जागेवर येतो, मातीचे बांध उकरतो, पाणी गढूळ करतो. शिवाय कटला-रोहू साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, सायप्रिनस घालतो. पाणवनस्पतींना त्याची अंडी चिकटलेली दिसली तर समजा, काही महिन्यांत खाणारी तोंडं वाढणार.

बीज सोडण्याआधी तळ्यातली मरळ आणि बारीकसारीक स्थानिक मासळी काढा. मरळ बोटुकली खाते. बारीक मासळी प्लवंग संपवते, ते नुकसान उशिरा लक्षात येतं. मग २०-२५ किलो चुना. आठवड्याने २०० किलो शेण पाण्यात कालवून कडेने सगळीकडे; पुढे दर महिन्याला ७०-८० किलो. पाणी हिरवट-तपकिरी झालं की हात सरळ पाण्यात घाला. कोपर बुडेपर्यंत तळवा दिसेनासा झाला तर प्लवंग पुरेसे आहेत. मनगटाशीच दिसेनासा झाला तर शेण थांबवा. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरा: हलणारे पांढरे ठिपके म्हणजे कटल्याचं अन्न. पेला नुसताच हिरवा असेल तर कटल्याला त्यातून फारसं काही मिळत नाही.

बोटुकली ७५ ते १०० मिलिमीटरची घ्या. बोटुकलीची पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घेऊन मासे आपणहून बाहेर पडू द्या. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची.

खाद्य देण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी गवत्याला चिरलेलं नेपिअर किंवा लसूणघास, तेही बांबूच्या तरंगत्या चौकटीत, म्हणजे ते तळ्यात पसरत नाही. त्याचं पोट भरलेलं नसेल तर बाकीच्यांच्या पेंडीवर तोच ताव मारतो. गवत्याची विष्ठा अर्धवट पचलेली असते, ती तळाशी मृगळाच्या उपयोगी पडते. त्यानंतर भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समप्रमाणात, माशांच्या एकूण वजनाच्या २-३ टक्के. अर्धं छिद्रं पाडलेल्या गोणीत घालून मधल्या पाण्यात टांगा, थोडं ट्रेमध्ये तळाशी सोडा. सगळं काठावरून फेकलं की वरचे मासे पळवतात. रोहूसाठी पाण्यात बांबू उभे केले तर त्यांवर शेवाळ धरतं. प्लास्टिकच्या तळ्यात बांबूची टोकं गोल करून, खाली वजन बांधून ठेवा.

दर महिन्याला फेकजाळ्याने प्रत्येक जातीचे दहा-पंधरा मासे काढून वजन करा. सरासरी एकत्र काढू नका, जातवार लिहा. वर्षाअखेर कटला किलोभर आणि रोहू-मृगळ त्याच्या मागे, हे ठीक. कटलाच रोहूच्या मागे पडला तर वरच्या थरात अन्न कमी आहे किंवा चंदेरा जास्त झालाय. मृगळ हडकुळा, डोकं मोठं आणि अंग बारीक दिसलं तर ट्रे तळापर्यंत पोचतोय का पाहा. तळाचा गाळ काळा होऊन कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल तर खाद्य वाया जातंय, ते कमी करा. आणि पहाटे सगळ्याच जाती वर येऊन तोंडं उघडत असतील तर ती भूक नव्हे, प्राणवायू कमी पडलाय. शेण-खाद्य बंद करून पंपाने पाणी उंचावरून तळ्यात पाडा.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. पिकाला पाणी देता देता पातळी पाच फुटांखाली गेली की थर उरतच नाहीत. कटला आणि मृगळ एकाच पाण्यात, एकाच ट्रेवर येतात आणि वाढ खुंटते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठे कटले आधी काढून विका. उरलेल्यांसाठी पाच फूट पाणी राखता येणार नसेल तर मे महिन्याची वाट न पाहता सगळेच काढा.