पाठलागाच्या गुन्ह्यांची आकडेवारी मागण्यापूर्वी

आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात पाठलागाचे किती गुन्हे नोंदले गेले, एवढाच प्रश्न माहिती अधिकारात विचारलात तर उत्तरात एक आकडा येईल आणि त्यावरून फारसं काही कळणार नाही. आकडा लहान असेल तर मुली निर्धास्त फिरताहेत की ठाण्यात तक्रारच घेतली जात नाही, हे त्यात दिसत नाही. म्हणून तक्रार आत गेल्यापासून निकाल लागेपर्यंतचा प्रत्येक टप्पा मागायचा, आणि तो मागता यावा म्हणून आधी घरी बसून तयारी करायची.

सगळ्यात आधी, जे छापून झालंय ते वाचून घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात राज्यवार आकडे असतात, शिवाय मुंबई, पुणे, नागपूर यांचे महानगर म्हणून वेगळे असतात. राज्याच्या पातळीवर पुण्याचा गुन्हे अन्वेषण विभाग असंच संकलन करतो. आपल्या आयुक्तालयाचं किंवा अधीक्षक कार्यालयाचं संकेतस्थळही उघडून बघा. हे वाचताना एक नियम मनात पक्का ठेवा: राष्ट्रीय अहवालात एका प्राथमिक माहिती अहवालात (एफआयआरमध्ये) कितीही कलमं असली तरी गुन्हा मोजला जातो तो सर्वांत गंभीर कलमाखाली. मुलीचा महिनाभर पाठलाग झाला आणि शेवटी त्याने तिचा हात धरला, तर ती नोंद विनयभंगात जाते आणि पाठलागाच्या रकान्यात काहीच उमटत नाही. त्यामुळे अर्जात ‘हे कलम एकटे किंवा अन्य कलमांसोबत लावलेले सर्व गुन्हे’ असं स्पष्ट लिहा. हे शब्द गाळले तर बाकीच्या मेहनतीला अर्थ उरत नाही.

आता कलमं कागदावर उतरवा. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला तो २०१३ च्या दुरुस्तीने, डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर. भारतीय दंड विधानात ते कलम ३५४(ड) होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिथे ते कलम ७८ आहे. २०२४ या एका वर्षासाठी दोन्ही मागावी लागतात. पुढच्या वर्षांतही जुनं कलम सोडू नका, कारण जुलैआधी घडलेला गुन्हा नंतर नोंदला तरी तो जुन्या कायद्याखालीच जातो. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पाठलाग पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम ११ मध्ये येतो आणि शिक्षा कलम १२ खाली होते. शाळा-क्लासच्या वाटेवरचा त्रास कळून घ्यायचा असेल तर हे कलम यादीत हवंच. लैंगिक छळासाठी ३५४(अ) आणि नवं ७५ जोडता येतं, पण मग तक्ता कलमनिहाय मागा, नाहीतर सगळं एका बेरजेत मिसळून येईल.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आतला लागतो. मसुदा साधारण असा होतो: ‘१ जानेवारी २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात अमुक पोलीस ठाण्यात भा.दं.वि. ३५४(ड), भा.न्या.सं. ७८ किंवा पोक्सो १२ हे कलम, एकटे किंवा अन्य कलमांसोबत, लावलेल्या गुन्ह्यांची वर्षनिहाय व कलमनिहाय संख्या; त्यांपैकी तपासावर प्रलंबित, दोषारोपपत्र दाखल, तसेच अ, ब व क समरी पाठवलेल्यांची संख्या; न्यायालयात निकाली निघालेल्यांपैकी शिक्षा व निर्दोष सुटका यांची संख्या. कोणाचेही नाव, पत्ता किंवा गुन्ह्याची तारीख नको.’

समरी म्हणजे प्रकरण बंद करण्यासाठी पोलीस न्यायालयाला पाठवतात तो अहवाल. तिची तिन्ही अक्षरं वेगळी मागण्याला कारण आहे. अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपीचा तपास लागला नाही, ब म्हणजे तक्रार खोटी ठरवली, क म्हणजे खरीही नाही खोटीही नाही, गैरसमजातून झालेली. ‘प्रकरण बंद’ या एका शब्दाखाली या तिन्ही गोष्टी दडतात, आणि तक्रार करणाऱ्या बाईच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरा अर्ज वेगळा तयार ठेवा, आणि माझ्या मते खरी माहिती त्यातच आहे. पाठलाग दखलपात्र गुन्हा, म्हणजे पोलिसांनी तक्रारीवरून थेट गुन्हा नोंदवून तपास करायचा असा, असूनही कितीतरी तक्रारी गुन्हा रजिस्टरपर्यंत पोहोचतच नाहीत. साधा तक्रार अर्ज घेतला जातो, मुलाला बोलावून ‘समज देऊन’ सोडलं जातं, किंवा अदखलपात्र नोंद करून पावती हातात दिली जाते. कधी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ११०, ११७ खाली किरकोळ कारवाई होते. म्हणून महिलांच्या छेडछाडीबाबत आलेल्या तक्रार अर्जांची संख्या, त्यांपैकी गुन्हा दाखल झालेले, अदखलपात्र नोंद झालेले, समज देऊन निकाली काढलेले आणि प्रतिबंधक कारवाई झालेले, अशी फोड मागा. पोलिसांचं महिलांसाठीचं पथक किंवा कक्ष भरोसा सेल, दामिनी किंवा निर्भया पथक अशा ज्या नावाने तुमच्याकडे असेल, त्यांच्या नोंदवहीसाठीही हेच. ‘अशी माहिती संकलित नाही’ असं उत्तर इथे हमखास येतं. नवी माहिती तयार करून द्यायला कार्यालय बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलेलं आहे. त्यामुळे अर्जातच पर्याय द्या: संकलित नसल्यास संबंधित नोंदवहीची, नावे झाकून, पाहणी करू द्यावी. नावं झाकून उरलेला भाग देण्याची तरतूद माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० मध्ये आहे.

तारीख का मागायची नाही, हे नीट समजून घ्या. तालुक्याच्या छोट्या ठाण्यात वर्षाला दोन गुन्हे असतील आणि तुम्ही तारीख, गाव, वय मागितलं, तर त्या दोन मुली कोण हे चावडीवर बसलेला प्रत्येकजण सांगेल. माहिती उघड व्हावी ती पोलिसांच्या कामाची, त्या मुलींची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये प्राथमिक माहिती अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितले, तेव्हाही लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील अहवाल वगळले होते, ते याच काळजीपोटी. त्यामुळे संकेतस्थळावरचे अहवाल मोजून पाठलागाचा आकडा काढण्याच्या फंदात पडू नका.

कागदपत्रांचं म्हणाल तर थोडकंच लागतं: ‘जोडपत्र अ’ हा अर्जाचा ठरलेला नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पोच घेण्यासाठी दुसरी प्रत. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, दाखल्याची प्रत मात्र जोडा. माहिती अधिकारी कोण आणि अपिलीय अधिकारी कोण, हे कार्यालयातल्या फलकावरून उतरवून घ्या. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला तरी पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवण्याची जबाबदारी त्यांची आहे. माहिती कशासाठी हवी, हे कोणी विचारलं तर सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. कायद्यातच तसं आहे. तरुण मुलगी अर्ज द्यायला एकटी जाणार असेल तर तिला हे वाक्य पाठ असू द्या.

नकाराचीही तयारी आधीच करा. ‘तपास सुरू आहे’ म्हणून त्याच कायद्याचं कलम ८(१)(ज) दाखवतील. दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात २००७ मध्ये म्हटलं की तपास चालू असणं पुरेसं नाही, माहितीने त्यात अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं. नुसत्या संख्येने कुठला तपास अडणार? ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून ८(१)(ञ) पुढे केलं, तर मसुद्यातली शेवटची ओळ दाखवा. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदतीत उत्तर आलं नाही तर माहिती विनाशुल्क द्यावी लागते. त्यापुढच्या ३० दिवसांत ‘जोडपत्र ब’ भरून २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाकडे वेळ लागतो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा. बरीच माहिती तिथेच, समोरासमोर बसून सुटते.

तक्ता हाती आला की जाहीर करण्याआधी दोन गोष्टी करा. पाचापेक्षा लहान आकडे ‘५ पेक्षा कमी’ असे लिहा, आणि तक्त्याची एक प्रत ठाण्याच्या निरीक्षकांना देऊन त्यांचं म्हणणं लेखी मागा. ते जे लिहून देतील ते तक्त्याखाली जसंच्या तसं छापा, आणि त्याच भेटीत माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ चा (कार्यालयाने स्वतःहून माहिती जाहीर करण्याच्या तरतुदीचा) हवाला देऊन हाच तक्ता दर तीन महिन्यांनी ठाण्याच्या फलकावर लावण्याची लेखी विनंती त्यांच्याकडे देऊन पोच घ्या.