ब्रिटनचा वारसा बघायला जाताय? आधी वार आणि वेळ बघा, या चुका टाळा

मराठी घरांतून ब्रिटनला जाणाऱ्यांत दोन प्रकार जास्त दिसतात. मुलगा-सून किंवा लेक-जावई तिकडे नोकरीला आहेत म्हणून महिना-दीड महिना राहायला जाणारे आईबाबा, आणि टूर कंपनीबरोबर युरोपला जोडून चार दिवसांत लंडन उरकणारे. दोघांचीही तयारी ठिकाणांच्या यादीपासून सुरू होते: बकिंगहॅम पॅलेस, टॉवर ऑफ लंडन, स्टोनहेंज, एडिंबरा. यादीत चूक काहीच नाही. पण ब्रिटनमधला वारसा वारावर, तासावर आणि ऋतूवर चालतो. शेकडो वर्षांच्या प्रथा तिथे आजही ठरलेल्या वेळी पाळल्या जातात. ती वेळ हुकली की हाती येतो तो बंद फाटकासमोरचा फोटो. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

वार न बघता कार्यक्रम आखणं

सुट्टीचा दिवस म्हणून रविवारी वेस्टमिन्स्टर ॲबी आणि सेंट पॉल्स कॅथीड्रल ठेवलं जातं. रविवारी ही दोन्ही पर्यटकांसाठी बंद असतात, फक्त प्रार्थनेसाठी उघडी. विंडसर कॅसल सहसा मंगळवारी आणि बुधवारी बंद असतो. बकिंगहॅम पॅलेसची दालनं मुख्यतः उन्हाळ्यातच आतून बघता येतात. राजवाड्यासमोरचा पहारेबदल रोज होत नाही. साधारणपणे सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी सकाळी ११ ला असतो आणि जोराच्या पावसात रद्दही होतो. आदल्या रात्री अधिकृत वेळापत्रक बघाच. हुकलंच, तर हॉर्स गार्ड्स परेडवर घोडदळाचा पहारेबदल रोज ११ ला (रविवारी १० ला) होतो. तिथे गर्दी कमी असते आणि घोडे अगदी जवळून दिसतात.

ॲबीचं तिकीट चांगलंच महाग आहे, म्हणून अनेक जण बाहेरूनच परततात. त्यांनी इव्हनसाँगला जावं. ही संध्याकाळची प्रार्थना आहे, बहुतेक दिवशी होते, तिला तिकीट लागत नाही आणि कुठल्याही धर्माच्या माणसाला मुक्त प्रवेश असतो. तिचा मूळ आराखडा १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकातला आहे. लहान मुलं आणि प्रौढ गायक मिळून स्तोत्रं गातात तेव्हा त्या उंच दगडी कमानी कशासाठी बांधल्या ते कानांना कळतं. माझ्या मते इंग्लंडची परंपरा समजून घ्यायला यासारखा दुसरा पाऊण तास नाही. दोन गोष्टी सांभाळा. फोटो काढायचे नाहीत आणि मधेच उठून जायचं नाही. कॅंटरबरी, यॉर्क, सॉल्झबरी इथल्या कॅथीड्रलमध्येही हे ऐकता येतं. ऑगस्टमध्ये मात्र अनेक ठिकाणची नेहमीची गायकमंडळी सुट्टीवर असतात, आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये सत्र चालू असतानाच जायला हवं.

टॉवर ऑफ लंडनला रोज रात्री दहाच्या सुमारास किल्ल्याचे दरवाजे बंद करण्याचा विधी होतो, 'सेरेमनी ऑफ द कीज'. ही प्रथा सुमारे ७०० वर्षांची. लोकांना हे दिवसाच्या तिकिटात धरलेलं वाटतं, ते तसं नाही. थोड्याच जागा असतात, त्या खूप आधी भरतात आणि वेगळ्या आरक्षित कराव्या लागतात. दिवसाच्या तिकिटात मात्र यीमन वॉर्डर, म्हणजे तिथले गणवेशधारी पहारेकरी, घडवतात ती सहल धरलेली असते. ती टाळून थेट कोहिनूरच्या रांगेत उभं राहू नका.

एक पास सगळीकडे चालेल असं धरणं

वारसास्थळं सांभाळणाऱ्या संस्था वेगवेगळ्या आहेत. स्टोनहेंज इंग्लिश हेरिटेजकडे, टॉवर आणि हॅम्प्टन कोर्ट हिस्टॉरिक रॉयल पॅलेसेसकडे, एडिंबरा कॅसल हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंडकडे, वेल्समधले किल्ले काडूकडे. जुने वाडे, बागा आणि समुद्रकाठाचे मोठे पट्टे १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टकडे. एकाचा पास दुसऱ्याच्या दारात चालेलच असं नाही. आधी ठिकाणं ठरवा, त्यातली जास्त कोणाकडे आहेत ते मोजा, मगच पास घ्या. नॅशनल ट्रस्टची बरीच घरं हिवाळ्यात बंद असतात, बागा तेवढ्या उघड्या.

सगळ्याला इंग्लंड म्हणणं

एडिंबरामध्ये उभं राहून "इंग्लंड फार आवडलं" म्हणू नका. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची राज्यं १७०७ मध्ये एक झाली, पण कायदा, शिक्षण, सुट्ट्या आजही वेगळ्या. वेल्समध्ये कॉनवी आणि कर्नार्व्हनचे देखणे किल्ले बघताना हेही लक्षात असू द्या, की ते इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकून तिथल्या लोकांना धाकात ठेवायला बांधले. वेल्सचा स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर ऑगस्टच्या सुरुवातीला भरणारा नॅशनल आयस्टेडफॉड गाठा. कविता, गाणं, नाटक, सगळं वेल्श भाषेत. हा मेळावा एकदा उत्तरेत, तर पुढच्या वर्षी दक्षिणेत अशा पाळीने भरतो, म्हणून हॉटेल घेण्याआधी त्या वर्षीचं गाव कोणतं ते बघा.

नॉर्दर्न आयर्लंडला ब्रिटनचाच व्हिसा चालतो. तिथून डब्लिनला जाताना रस्त्यावर तपासणी दिसली नाही, तरी आयर्लंड हा वेगळा देश आहे आणि भारतीय पासपोर्टवर तिथे जायची परवानगी आधीच हातात असावी लागते.

स्टोनहेंज, बाथ आणि विंडसर एका दिवसात

अशा बससहली खूप विकल्या जातात आणि दिवसाचा मोठा भाग बसमध्येच जातो. स्टोनहेंजला तिकीटघरापासून दगड सुमारे २ किलोमीटरवर आहेत, आणि नेहमीच्या तिकिटावर दोरीच्या बाहेरूनच बघावे लागतात. वर्तुळाच्या आत जायचं असेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी छोट्या गटांसाठी वेगळं आरक्षण असतं. रेल्वेने स्टोनहेंजजवळच्या सॉल्झबरीला उतरा आणि दिवस तिथेच द्या. तिथल्या कॅथीड्रलमध्ये राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या उरलेल्या चार मूळ प्रतींपैकी एक आहे.

भरतीची वेळ न बघता लिंडिसफार्नला जाणं

ही चूक जिवावर बेतू शकते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या या बेटावर ७९३ मध्ये व्हायकिंगांनी मठावर हल्ला केला होता. बेटाचा रस्ता हाजी अलीच्या वाटेसारखाच भरतीत पाण्याखाली जातो, फक्त अंतर कितीतरी जास्त. "एवढंसं तर पाणी आहे" म्हणत गाडी घालणारे दरवर्षी अडकतात आणि त्यांना सोडवावं लागतं. सुरक्षित वेळा रोज बदलतात. त्या दिवसाचा तक्ता बघूनच निघा, आणि पाणी चढायला लागलं असेल तर परतीचा विचार सोडून बेटावरच थांबा.

फक्त राजाराण्या बघणं

मँचेस्टरजवळची क्वारी बँक ही १७८४ ची सूतगिरणी आणि ग्लासगोजवळचं न्यू लॅनार्क हे गिरणीगाव मराठी माणसाने चुकवू नये. क्वारी बँकेत अनाथ, गरीब मुलांना कामाच्या बदल्यात ठेवायचं घर जसंच्या तसं जपलंय. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, मँचेस्टर परिसरातल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, आणि भारतातला कापूस मुंबईमार्गे तिकडे निघाला. त्या पैशाने मुंबईत जी तेजी आणि नंतर जी मंदी आली, तिचं दुसरं टोक इथे दिसतं.

लंडनमध्ये १० किंग हेन्रीज रोडवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले. ते घर महाराष्ट्र शासनाने विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक १० हॉवली प्लेसला राहिले होते. तिथे निळी पाटी आहे, पण घर खाजगी आहे, म्हणून रस्त्यावरूनच बघा. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, तेव्हा तिथे शोधण्याआधी ती परत गेलीत का ते विचारा. वेल्समधल्या पॉइस कॅसलमध्ये क्लाइव्ह घराण्याने भारतातून नेलेल्या वस्तूंचा मोठा संग्रह आहे, त्यात टिपू सुलतानाचा तंबूही. तिथे फलक सावकाश वाचा.

राहिलेल्या, पण महागात पडणाऱ्या

'ॲडव्हान्स' रेल्वे तिकीट त्याच गाडीला चालतं. गाडी चुकली तर बहुतेक वेळा नवं तिकीट घ्यावं लागतं. खेड्यांतल्या बस रविवारी कमी असतात किंवा नसतातच. २५ डिसेंबरला लंडनची ट्यूब (भुयारी रेल्वे) आणि बस बंद असतात, रेल्वेही जवळपास कुठे धावत नाही.

शाकाहारी असाल किंवा गोमांस टाळत असाल तर फिश अँड चिप्सच्या दुकानात तळायला काय वापरतात ते विचारा. यॉर्कशायरमध्ये अनेक ठिकाणी बटाट्याचे चिप्सही गाईच्या चरबीत तळतात.

तारखा तुमच्या हातात असतील तर सप्टेंबर निवडा. त्या महिन्यात इंग्लंडमध्ये हेरिटेज ओपन डेज आणि स्कॉटलंडमध्ये डोअर्स ओपन डेज असतात, आणि एरवी बंद असणाऱ्या कितीतरी जुन्या इमारती फुकट बघता येतात.