एकरंगी चित्र सपाट का दिसतं? या चुका टाळा

एकाच जलरंगात चित्र काढायचं म्हटलं की सोपं वाटतं. पण रंगसंगती बाजूला झाली की उरतं फक्त गडद-फिकट, आणि तिथली गफलत झाकायला काहीच राहत नाही.

पहिली चूक ब्रश ओला होण्याआधीच होते. लेमन यलो किंवा यलो ऑकर ट्यूबमधून थेट लावला तरी पुरेसा गडद होत नाही. सेपिया, पेन्स ग्रे किंवा बर्न्ट अंबर असा गडद रंग घ्या.

तरी बहुतेक चित्रं बिघडतात ती हात आखडल्यामुळे. कोऱ्या पांढऱ्या कागदावर कुठलीही छटा गडदच भासते, म्हणून आपण थांबतो. त्यात जलरंग वाळल्यावर फिकटतो, पेन्स ग्रे तर चांगलाच. मग सगळं चित्र मधल्या छटांत अडकतं. त्यासाठी त्याच कागदाच्या पट्टीवर फिकट ते गडद अशी 5 घरं रंगवा, पूर्ण वाळू द्या आणि ती पट्टी शेजारी ठेवूनच काम करा. शिवाय सर्वांत गडद जागेचा छोटासा तुकडा सुरुवातीलाच लावून टाका. ‘आधी फिकट, मग गडद’ हा जलरंगातला नियम यात मोडतो. खुशाल मोडू द्या. त्या तुकड्याशी ताडून बाकीच्या छटा ठरवता येतात.

दुसरी खोड म्हणजे वस्तू माहीत आहे म्हणून तशी रंगवणं. कप पांढरा, म्हणून कागद कोरा! उन्हातला तांबडा माठ सावलीतल्या पांढऱ्या कपापेक्षा उजळ असू शकतो. डोळे किलकिले करून दोन्ही एकदम बघा.

माठाच्या सावलीकडच्या कडेवर टेबलावरून परतलेला उजेड दिसतो. भोवतीच्या गडदपणामुळे तो आहे त्याहून उजळ वाटतो आणि तसाच रंगवला की गोलाई जाते. त्याच माठाच्या उजेडातल्या कुठल्याही भागापेक्षा तो गडदच हवा.

मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून चित्र तपासा, पण समोरची वस्तू मात्र डोळ्यांनीच बघा. फोटोत सावल्या सरसकट काळ्या होतात.

चित्र आधीच सपाट झालं असेल, तर वाळू द्या आणि फक्त सावल्यांवर दुसरा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा थर, चढवा. हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ जागा, बुजला असेल तर ओलसर ब्रशने रंग उचला, टिश्यूने टिपा. प्रशियन ब्लू वापरला असेल तर फार आशा नको, तो कागदात मुरतो.