युरोपात दोन-तीन महिने राहून कमी गर्दीची चित्रं कशी शोधायची

पुण्यात बसून युरोपचा लांब प्लॅन करताना आपण आधी देश मोजायला लागतो. ते सोडा, एक चित्रकार धरा आणि त्याची कामं जिथे जिथे आहेत तिथे जा, रूट आपोआप तयार होतो.

पंधराव्या शतकातला इटालियन चित्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्का, त्याचंच बघा. फ्लोरेन्सहून ट्रेनने तासाभरात आरेत्सो, तिथे सान फ्रांचेस्को चर्चमध्ये त्याची भित्तिचित्रं, मग बसने त्याचं जन्मगाव सानसेपोल्क्रो, आणि तिथल्या म्युझियममध्ये त्याने रंगवलेला कबरीतून उठणारा येशू, ज्याची नजर सरळ आपल्यावर असते. १९४४ मध्ये या गावावर तोफा चालवणाऱ्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याला आठवलं की जगातलं सर्वोत्तम चित्र इथे आहे असं आपण वाचलंय, आणि त्याने मारा थांबवला! जवळच मोंतेर्की, तिथे त्याचंच गरोदर मेरीचं चित्र, एवढंसं गाव पण चुकवू नका. रविवारी मात्र बसच्या भरवशावर राहू नका.

फ्रान्समध्ये असाल तर स्ट्रासबर्गहून अर्ध्या तासावर कोल्मार. जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डने १५१२ ते १५१६ मध्ये रंगवलेली वेदी (चर्चच्या वेदीवर उभे करायचे चित्रफलक) आहे तिथे, मुळात एका मठासाठी केलेली, जिथे त्वचा जळल्यासारखी होणाऱ्या रोगाचे पेशंट यायचे, म्हणून येशूच्या अंगावरही फोड दाखवलेत. या चित्रासमोर निवांत उभं राहायला वेळ हवा, दोन ट्रेनच्या मधे उरकायची गोष्ट नाही ही.

म्हणून मुक्काम आठवडाभर एकाच मध्यम शहरात ठेवा आणि तिथून रोज जाऊन-येऊन करा, सामानही ओढायला लागत नाही. सोमवारी बरीच म्युझियम बंद असतात आणि इटलीतली छोटी चर्च दुपारी बंद होतात, तेव्हा सकाळी चर्च आणि दुपारी म्युझियम. खिशात युरोची नाणी ठेवाच, बऱ्याच चर्चमध्ये नाणं टाकलं की मगच चित्रावरचा लाइट लागतो.

व्हिसाचं थोडक्यात: शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज, तोही सहा महिने आधीपासून करता येतो, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. त्या देशाचं व्हिसा सेंटर पुण्यात नसेल तर मुंबईची फेरी धरून चाला.

आणि इटलीतल्या पादुआत चित्रकार जोत्तोने रंगवलेलं स्क्रोवेन्यी चॅपल (छोटं प्रार्थनागृह) बघायचं असेल तर स्लॉट आधीच बुक करा, आत थोडीच माणसं सोडतात आणि तीही मोजक्या मिनिटांसाठी.