विज्ञानकथेचं कथानक आणि ऐंद्रिय प्रतिमा: दोन्ही एकाच वहीत कशा मांडाव्यात

विज्ञानकथेचं विश्लेषण लिहायला घेतलं की बहुतेक जण दोन वेगळे भाग करतात. आधी ‘कथानक’ म्हणून दोन पानांचा गोषवारा, मग ‘वर्णनशैली’ म्हणून चार उपमा आणि ‘लेखकाने वातावरण जिवंत केले आहे’ हे वाक्य. अशा उत्तराला गुण मिळतात, पण कथा हातून निसटते. चांगल्या विज्ञानकथेत वास, ऊब, आवाज या गोष्टी सजावटीच्या नसतात. पुढे काय घडणार याचा पुरावा बऱ्याचदा त्यांच्यातच दडवलेला असतो. म्हणून दोन्हींची नोंद शेजारी शेजारी ठेवायची. ती कशी ठेवायची, हे इथे एका उताऱ्यावर करून दाखवलं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांतल्या आणि वाचनकट्ट्यांवरच्या वाचकांना जवळचं वाटावं म्हणून उतारा रावेरच्या केळी पिकवण्याच्या शेडमधला घेतला आहे. तो याच लेखासाठी रचला आहे. वाक्यांना क्रमांक दिले आहेत, कारण क्रमांकाशिवाय विश्लेषण करूच नये.

(१) दुपारचे चार वाजले तरी शेडच्या पत्र्यातून ऊन ठिबकत होतं. (२) आप्पांनी तिसरा तांब्या तोंडाला लावला. पाणी घटाघटा खाली गेलं आणि ओठ लगेच पुन्हा सुकले. (३) “मले तहानच तहान लागते वं माय,” ते म्हणाले. (४) रेखाने चेंबरचं दार ओढलं. रबराची पट्टी चप्प करून सुटली आणि सोळा अंशांचा गारवा तिच्या घामेजल्या मानेवर येऊन बसला. (५) माल सकाळीच ट्रकमध्ये गेला होता. धुतलेल्या फरशीला नुसता क्लोरिनचा वास होता. (६) भिंतीवरच्या नाकाचा हिरवा दिवा पिवळा झाला. (७) “माल पिकला आहे,” नाक म्हणालं. (८) रेखाने रिकाम्या रॅककडे पाहिलं, मग दाराशी धापा टाकत उभ्या असलेल्या आप्पांकडे.

पुढची कथा थोडक्यात अशी. रेखा भिंतीवरचं ते वास ओळखणारं यंत्र बंद करून पुन्हा चालू करते, फरशी साध्या पाण्याने धुऊन घेते, तरी दिवा पिवळाच. ती आप्पांना चहा आणायला पाठवते. दिवा हिरवा होतो. आप्पा किटली घेऊन परततात आणि दिवा पुन्हा पिवळा. ती आप्पांच्या सुनेला फोन लावते, तेव्हा कळतं की महिनाभरापासून ते रात्री चार-पाचदा उठतात, पँट सैल झाली आहे. दवाखान्यात साखर मोजण्याच्या यंत्रावर आकडा येतच नाही, नुसतं ‘हाय’ (HI) उमटतं, म्हणजे साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेली आहे.

पहिलं वाचन पेनाशिवाय

कथा एकदा सलग वाचा आणि लगेच तीन ओळी लिहा: कुठे अडखळलात, कुठे फसलात, काय अजून आठवतंय. या ओळी नंतर लिहिता येत नाहीत. शेवट कळल्यावर फसगत आठवत नाही आणि विज्ञानकथेत वाचकाची फसगत कुठे झाली हेच बऱ्याचदा कथानकाचं मुख्य यंत्र असतं. त्यानंतर कथेची छापील प्रत घ्या, दर पाच ओळींना क्रमांक घाला. मोबाइलवर वाचत असाल तर निदान परिच्छेदांना क्रमांक द्या.

नवी गोष्ट एका वाक्यात

या कथेच्या जगात आपल्या जगापेक्षा वेगळं काय आहे? अभ्यासक डार्को सुविन यांनी १९७९ मध्ये अशा कल्पनेसाठी ‘नोव्हम’ हे नाव रूढ केलं. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, वाक्य मात्र नेमकं हवं. ‘भविष्यातलं तंत्रज्ञान’ हे उत्तर नव्हे. आपल्या उताऱ्यासाठी ते असं: ‘केळी पिकल्याचं वासावरून ओळखून बोलणारं यंत्र.’ आता ते कथेतून काढून पाहा. आप्पांचा आजार उरतो, पण तो ओळखला जाण्याची घटना उरत नाही. म्हणजे कल्पना कथेच्या कण्यात आहे. काढूनही कथा तशीच चालत असेल, तर ती कौटुंबिक किंवा रहस्यकथा आहे आणि यंत्र नुसतं कोपऱ्यात उभं आहे. तसं असेल तर तसं लिहा, तोही निष्कर्षच आहे.

कथानक: घडलेला क्रम, सांगितलेला क्रम

वहीच्या पानाचे दोन उभे भाग करा. डावीकडे घटना घडल्या त्या क्रमाने, उजवीकडे लेखकाने सांगितल्या त्या क्रमाने. डावीकडे पहिली घटना ‘आप्पांची साखर महिनाभर वाढते आहे’ ही येईल. उजवीकडे तीच घटना जवळजवळ शेवटी, सुनेच्या फोनवर येते. दोन्ही भागांतल्या सारख्या घटना रेषेने जोडा. सर्वांत लांब आणि तिरपी रेषा जिथे पडते, तिथे लेखकाने काहीतरी राखून ठेवलं आहे. विश्लेषणाचा मुख्य परिच्छेद तिथूनच निघतो.

मग घटनांमध्ये जोडशब्द घालून पाहा. ‘आणि मग’ लागतो की ‘म्हणून’? यंत्राने चुकीचं सांगितलं, म्हणून रेखाने ते बंद-चालू केलं. तरी दिवा पिवळाच, म्हणून फरशी धुतली. तरीही पिवळाच, म्हणून आप्पांना बाहेर पाठवलं. ओळीने ‘म्हणून’ येतात, कारण रेखा एकेक शक्यता काढून टाकते आहे. हे प्रयोगाचं कथानक आहे. एकेक घटक बदलायचा आणि निकाल पाहायचा. विज्ञानकथेतलं विज्ञान पुष्कळदा यंत्रापेक्षा पात्राच्या अशा वागण्यात जास्त असतं, आणि बहुतेक उत्तरपत्रिकांत याचा उल्लेखही नसतो.

उत्कर्षबिंदू ठरवताना हमखास चूक होते. धावपळ जिथे जास्त तिथे उत्कर्ष, असं धरून दवाखान्याचा प्रसंग निवडला जातो. उत्कर्ष म्हणजे ज्या क्षणानंतर प्रश्न बदलतो तो क्षण. चहासाठी आप्पा बाहेर जातात आणि दिवा हिरवा होतो, तोवर प्रश्न आहे ‘यंत्र बिघडलं का?’ त्यानंतर प्रश्न आहे ‘आप्पांना काय झालंय?’ त्या प्रसंगात कुणी ओरडत नाही, पळत नाही. दिव्याचा रंग दोनदा बदलतो, एवढंच.

प्रतिमांची वही

आता खरं काम. सहा रकाने आखा: वाक्य क्रमांक, शब्द जसेच्या तसे, इंद्रिय, अनुभव कोणाचा, पहिल्या वाचनात काय वाटलं, दुसऱ्या वाचनात काय वाटलं. शेवटचे दोन रकाने गाळले तर हाती फक्त यादी उरते.

इंद्रियांसाठी शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध ही आपली जुनी विभागणी चालते, पण पाचांवर थांबू नका. तहान, भूक, दम लागणं, तोल जाणं, वजन हलकं वाटणं या शरीराच्या आतल्या जाणिवा वेगळ्या लिहा. अंतराळाच्या कथांत त्या भरपूर असतात आणि ‘स्पर्श’ या रकान्यात कोंबल्या की हरवतात.

वाक्य २ घ्या. शब्द: ‘घटाघटा’, ‘ओठ लगेच पुन्हा सुकले’. इंद्रिय: आवाज, स्पर्श, आणि आत तहान. पहिलं वाचन: मे महिना, रावेर, पारा पंचेचाळीसच्या आसपास, तहान लागणारच. दुसरं वाचन: साखर वाढल्याचं लक्षण. तीच ओळ दोन कामं करते आणि वाक्य १ मधलं ऊन तिच्यावर पांघरूण घालतं. खानदेशी वाचक इथे इतरांपेक्षा जास्त फसतो, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात तीन तांबे पाणी कोणीही पितं. आपलं स्थानिक ज्ञानच लेखकाने आपल्याविरुद्ध वापरलं आहे, हे नोंदवण्यासारखं आहे. वाक्य ८ मधल्या ‘धापा’ही तशाच.

वाक्य ५ मध्ये अनुभव कोणाचा, हा रकाना महत्त्वाचा ठरतो. क्लोरिनचा वास रेखाच्या नाकाला येतो. भिंतीवरच्या नाकाला दुसरंच काही येतं. तिच्या नाकाने जे टिपलं नाही ते यंत्राने टिपलं, आणि सगळी कथा या दोन नाकांमधल्या अंतरावर उभी आहे. शिवाय क्लोरिन वाचकाला एक खोटा संशयितही देतो: फरशीच्या औषधानेच यंत्र गोंधळलं असेल. रेखा फरशी पुन्हा धुते ती याचमुळे.

जे नाही तेही लिहा. आप्पांच्या अंगाचा, श्वासाचा वास उताऱ्यात कुठेच नाही. गंधावर उभ्या असलेल्या कथेत एका माणसाचा गंध गाळलेला असणं हा योगायोग नव्हे. लेखकाने तो आधीच दिला असता तर यंत्राची गरजच संपली असती.

शब्दशः की लाक्षणिक?

विज्ञानकथेत हा प्रश्न प्रत्येक प्रतिमेला विचारावा लागतो. ‘त्याचं डोकं रिकामं झालं’ हे वाक्य ग्रामीण कथेत आलं तर तो माणूस सुन्न झाला. स्मृती दुसऱ्या शरीरात हलवण्याच्या कथेत तेच वाक्य शब्दशः खरं असू शकतं. आपल्या उताऱ्यात ‘ऊन ठिबकत होतं’ हे लाक्षणिक आहे, ‘भिंतीवरचं नाक’ शब्दशः आहे. कमीत कमी सामान्य वाचकासाठी तरी तिथे क्षणभर अडखळण होते आणि ती मुद्दाम केलेली आहे. वहीत लाक्षणिक प्रतिमेपुढे ‘ला’, शब्दशः प्रतिमेपुढे ‘श’ लिहा. एकच प्रतिमा कथेच्या सुरुवातीला ‘ला’ आणि शेवटी ‘श’ होत असेल तर तिच्याभोवती गोल करा.

उपमा म्हणजेच प्रतिमा, ही दुसरी नेहमीची चूक. ‘प्रमाणे’, ‘सारखा’, ‘जणू’ शोधत गेलात तर वाक्य ४ मधली ‘चप्प’ सुटते. त्यात उपमा नाही, पण बंद खोलीचं हवाबंदपण कानाला कळतं आणि आतली हवा बाहेर मिसळत नाही, हेही कळतं. यंत्राच्या निदानासाठी ते आवश्यक आहे.

विज्ञानाची पडताळणी

पडताळणी लेखकाची चूक पकडण्यासाठी करायची नसते. कुठली जाणीव ज्ञात विज्ञानावर उभी आहे आणि कुठली लेखकाने निर्माण केली, ते वेगळं करण्यासाठी ती करायची. आपल्या उताऱ्यात चेंबरचे सोळा अंश बरोबर आहेत. केळी पिकवताना फळं पिकवणारा इथिलीन वायू देऊन साधारण १६ ते १८ अंश तापमान ठेवतात, आणि सुमारे १३ अंशांच्या खाली गेलं तर साल काळवंडते. यावल-रावेरकडच्या वाचकाला हे सांगावं लागत नाही. इन्सुलिन फार कमी पडलं की शरीर चरबी जाळतं, कीटोन नावाची द्रव्यं साचतात आणि त्यांतला ॲसिटोन श्वासातून बाहेर पडतो. त्याचा वास पिकल्या फळासारखा गोडसर असतो. केळ्याचा वास मात्र मुख्यतः आयसोअमाइल ॲसिटेट या वेगळ्या रसायनाचा. मग यंत्र फसलं कसं? धातूच्या ऑक्साइडचे वायुसेन्सर एकाच रसायनाला प्रतिसाद देत नाहीत, अशा अनेक बाष्पांनी ते विचलित होतात. म्हणजे निर्माण केलेला भाग एवढाच, की यंत्र इतकं संवेदनशील आहे की दारातल्या माणसाचा श्वास त्याला पुरतो.

दुसऱ्या कथांसाठी काही आधार जवळ ठेवा. निर्वात जागेत आवाज पोहोचत नाही, त्यामुळे अवकाशात स्फोट ‘ऐकू’ आला तर तो यानाच्या भिंतीतून किंवा रेडिओवरून आला का, ते पाहा. मंगळावरचा सूर्यास्त निळसर दिसतो. तिथे आवाजाचा वेग पृथ्वीवरच्यापेक्षा कमी, सेकंदाला साधारण २४० मीटर. मंगळाला निरोप पोहोचायला अंतरानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणून तिथल्या माणसाशी फोनवरचं सलग भांडण रंगलं असेल तर लेखकाने काही नवं गृहीत धरलं आहे किंवा चूक केली आहे. चांद्रधूळ यानात आल्यावर जळक्या बंदुकीच्या दारूसारखा वास आल्याचं अपोलोच्या अंतराळवीरांनी सांगितलं आहे.

परिच्छेद लिहिताना

कथानकाच्या आणि प्रतिमांच्या दोन्ही नोंदी समोर ठेवा आणि घटना बदलते त्या जागी कोणतं इंद्रिय पुढे येतं ते पाहा. मग एक दावा, त्याला क्रमांकासह अवतरण, आणि त्या शब्दांनी घटनेत काय केलं, एवढंच एका परिच्छेदात ठेवा. अवतरणातली बोली प्रमाण करू नका. ‘मले’चं ‘मला’ केलंत तर तुम्ही मूळ मजकूर बदलला.

कमकुवत परिच्छेद असा असतो: ‘लेखकाने खानदेशातील उन्हाळ्याचे प्रभावी वर्णन केले आहे. गारवा मानेवर येऊन बसला ही सुंदर कल्पना आहे.’ यात एकही गोष्ट अशी नाही जी दुसऱ्या कुठल्याही कथेबद्दल लिहिता आली नसती.

हाच मुद्दा असा लिहा: ‘उताऱ्याचा पहिला अर्धा भाग त्वचेचा आणि तहानेचा आहे (वाक्य १ ते ४), दुसरा अर्धा गंधाकडे वळतो (५ ते ८). आप्पांची तहान उन्हात लपवल्यावर लेखक वाचकाला थंड, रिकाम्या, जवळपास गंधहीन खोलीत नेतो. तिथे ऊन नाही, केळी नाहीत, तरीही यंत्र “माल पिकला आहे” म्हणतं (७). उन्हाचं कारण काढून घेतल्यावर उरतो तो फक्त दारातला माणूस (८).’

एक धोका आपल्याकडच्या वाचकांना जास्त आहे. केळीच्या चिकाचे कपड्यांवरचे डाग, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या भरताचा धुरकट वास आपल्या इतके अंगवळणी पडलेले असतात की ते कथेत नसतानाही दिसू लागतात. उपाय सोपा आहे. प्रत्येक प्रतिमेसाठी छापील ओळीवर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे. बोट ठेवायला जागा सापडली नाही तर ती नोंद खोडा, कितीही आवडली असली तरी. अशा खोडण्यानंतर हजार शब्दांच्या निबंधासाठी आठ-दहा पक्क्या नोंदी उरल्या तरी पुरतात. वीस ठेवल्या तर प्रत्येकीला एकच वाक्य मिळतं आणि लेखन पुन्हा यादीकडे घसरतं.