'गो ओव्हरबोर्ड' नेमकं कुठे वापरायचं

ऐरोली-महापेच्या ऑफिसांत हा वाक्प्रचार सर्रास कानावर पडतो, बऱ्याचदा चुकीच्या जागी. जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे जहाजाची बाजूही. तिच्यावरून पलीकडे गेलं की थेट पाण्यात. त्यावरून पुढे उत्साहाच्या भरात ताळतंत्र सुटणं. मराठीत सर्वांत जवळचं 'वाहवत जाणं'; गंमत म्हणजे दोन्हीकडे पाणीच!

लिहिताना 'ओव्हर' आणि 'बोर्ड' तोडू नका, शब्द एकच आहे. भूतकाळ 'वेन्ट ओव्हरबोर्ड', 'ओव्हरबोर्डेड' नको. कशाच्या बाबतीत अति झालं ते सांगायला पुढे 'विथ' लावा. पाच जणांच्या मीटिंगला पन्नास स्लाइड केल्या, तर 'वेन्ट ओव्हरबोर्ड विथ द स्लाइड्स'.

खरा घोटाळा तक्रारीच्या मेलमध्ये होतो. कुणी अपमान केला असेल तर हा शब्द फार मवाळ पडतो, कारण त्यात बोट उत्साहाकडे असतं. तिथे 'क्रॉस्ड द लाइन' लिहा, म्हणजे आपलं 'मर्यादा ओलांडली'.

'थ्रो ओव्हरबोर्ड' मात्र वेगळं. वादळात जहाज हलकं करायला माल समुद्रात फेकत, तशी एखादी योजना टाकून देणं.